रोगाचा पत्ता

वाई,
दिवाळीनंतरचा पहिला रविवार

चि. मुक्ता,

तुझ्या पीएच.डी.चा आराखडा मिळाला. मोबाइलवर वाचवेना, म्हणून बाजारातल्या झेरॉक्सवाल्याकडून छापून आणला. बावीस पानं भरली. हळदीतलं कर्क्युमिन पॉलिमरच्या नॅनोकणांत भरायचं, कणावर स्तनाच्या कर्करोगाची पेशी ओळखणारा रेणू बसवायचा आणि औषध नेमकं गाठीत उतरवायचं, असा तुझा बेत आहे. खाली तू लिहिलं आहेस, ‘मावशी, मोकळेपणाने सांग.’ तर सांगते. फोनवर हे नीट बोलून होणार नाही, म्हणून पत्र.

तुझी मेहनत पानापानावर दिसते. पण बावीसपैकी एकोणीस पानं कणावर आहेत: त्याचा आकार, त्यावरचा विद्युतभार, तो किती औषध धरतो, किती तासांत सोडतो. आजारावर सव्वा पान आहे. आणि ज्या बाईला हा आजार झाला आहे तिला आज कोणतं औषध मिळतं, त्यातलं काय तिला सोसत नाही, ती मध्येच उपचार का सोडते, यावर एक ओळही नाही. तू आधी कण निवडलास आणि मग त्याच्यासाठी रोग शोधलास. मुक्ता, हे उलटं कर. आणि रोग निवडताना एक प्रश्न आधी विचार: शरीरात गेलेला कण जिथे आपल्या पायाने जातो, तिथे कोणता रोग राहतो?

हे मला पुस्तकातून सुचलं नाही. चौतीस वर्षं सरकारी रुग्णालयाचं औषधभांडार सांभाळताना जी औषधं हातातून गेली, त्यांनी शिकवलं. त्यातल्या काहींच्या कहाण्या सांगते.

पहिली ॲम्फोटेरिसिन-बी ची. व्हेनेझुएलातल्या ओरिनोको नदीकाठच्या मातीतल्या सूक्ष्मजीवापासून हे औषध १९५०च्या दशकात मिळालं. बुरशीच्या पेशीच्या आवरणात एर्गोस्टेरॉल असतं, आपल्या पेशीत कोलेस्टेरॉल. हे औषध पहिल्याला घट्ट धरतं आणि आवरणाला भोकं पाडतं. पण दुसऱ्यालाही ते पुरतं सोडत नाही. त्यामुळे सलाइन लावल्यावर तासा-दोन तासांत रोग्याला अशी हुडहुडी भरायची की पलंग हलायचा. ताप चढायचा आणि आठ-दहा दिवसांत क्रिएटिनिन वर जायला लागायचं. तरुण डॉक्टर त्याला ‘ॲम्फोटेरिबल’ म्हणत. बुरशी मारताना मूत्रपिंडं राखायची कशी, हीच रोजची चिंता.

त्यावरचा उतारा तिसऱ्याच ठिकाणाहून आला. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला केंब्रिजजवळच्या बाब्राहमला ॲलेक बँगहॅम लेसिथिन पाण्यात घालून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बघत होते. त्यांना दिसलं की ही चरबी पाण्यात आपोआप फुगे करते आणि फुग्याची भिंत आपल्या पेशीच्या आवरणासारखीच दुहेरी असते. ते लायपोझोम. पुढे ॲम्फोटेरिसिन या फुग्याच्या भिंतीत बसवलं गेलं. भिंतीला ते इतकं धरून राहतं की वाटेत मूत्रपिंडाला फारसं सापडत नाही, बुरशीशी गाठ पडली की मात्र तिकडे जातं. या फुग्याचा व्यास १०० नॅनोमीटरच्या आत असतो. तांबडी रक्तपेशी ७००० नॅनोमीटरची, म्हणजे तिच्या रुंदीवर असे सत्तरहून जास्त फुगे शेजारी शेजारी मावतील.

आता मुख्य गोष्टीकडे येते. तुमच्या क्षेत्रातला प्रत्येक जण एक तक्रार करतो, तुझ्याही आराखड्यात ती आहे: कण रक्तात सोडला की यकृत आणि प्लीहा तो गिळून टाकतात. तिथल्या भक्षकपेशींचं कामच ते. रक्तात काही परकं दिसलं की खायचं. कर्करोगाची गाठ गाठू पाहणाऱ्याला हा अडथळा वाटतो, आणि त्यांना चुकवण्यात माणसांची आयुष्यं गेली. पण काळा आजार आठव. बिहारमध्ये वालुमाशी चावते आणि तिच्यातून लीशमॅनिया नावाचा परजीवी अंगात शिरतो. हा परजीवी राहतो कुठे? प्लीहेतल्या, यकृतातल्या, अस्थिमज्जेतल्या भक्षकपेशींच्या पोटात. ज्या पेशी फुगा गिळणार, त्यांच्याच पोटात शत्रू बसलेला. पत्ता शोधायला कणावर काही चिकटवावं लागलं नाही. फुगा आपल्या स्वभावाप्रमाणे गेला तो नेमका त्याच घरी पोचला.

बनारसच्या विद्यापीठातले डॉ. श्याम सुंदर यांनी बिहारमधल्या मुझफ्फरपूरला याची परीक्षा घेतली. तो अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ३०४ रोग्यांना लायपोझोमल औषधाचं एकच सलाइन दिलं, वजनाच्या दर किलोला १० मिलिग्रॅम. १०८ रोग्यांना जुनं औषध दिलं, दिवसाआड एक अशी पंधरा सलाइनं, एकोणतीस दिवस रुग्णालयात ठेवून. सहा महिन्यांनी बघितलं तर एका सलाइनवाले ९५.७ टक्के बरे होते आणि पंधरा सलाइनवाले ९६.३ टक्के.

हे आकडे पुन्हा वाच. नव्या औषधाने जास्त माणसं बरी झाली नाहीत. तुझ्या गाइडसमोर ही संख्या ठेवली तर कदाचित ते म्हणतील, यात सरस काय? सरस हे की दुसऱ्याच्या शेतावर राबणाऱ्या माणसाचा एक महिना वाचला. त्याच्या बायकोला पोरं शेजारी ठेवून रुग्णालयाच्या व्हरांड्यात चूल मांडावी लागली नाही. पंधरा वेळा हुडहुडी भरायची ती भरली नाही. दुसऱ्याच आठवड्यात उपचार सोडून घरी पळण्याची वेळ आली नाही. औषध महाग होतं, तरी कंपनीने जागतिक आरोग्य संघटनेमार्फत ते दान द्यायचं कबूल केलं आणि २०१४ पासून आपल्या सरकारने एकाच सलाइनचा उपचार देशाच्या कार्यक्रमात घेतला. नॅनो शब्दाचा अभिमान वाटावा असं काही मला माहीत असेल, तर ते हे.

हेच औषध मी माझ्या खिडकीत कमी पडताना पाहिलं आहे. २०२१चा मे महिना तुला आठवत असेल. कोविडमधून उठलेल्या, साखर वाढलेल्या, स्टिरॉइड घेतलेल्या माणसांना म्युकरमायकोसिस व्हायला लागला. नाकातून डोळ्यात, डोळ्यातून मेंदूत. महाराष्ट्रात आणि गुजरातेत सगळ्यांत जास्त रोगी होते. लायपोझोमल ॲम्फोटेरिसिन किलोला ५ मिलिग्रॅम द्यायचं, म्हणजे साठ किलोच्या माणसाला दिवसाला ३०० मिलिग्रॅम. कुपी ५० मिलिग्रॅमची. एका माणसाला रोज सहा कुप्या, त्याही काही आठवडे. केंद्र राज्याला वाटप करायचं, राज्य जिल्ह्याला, जिल्हा आम्हाला. एका रात्री एक मुलगा सहा कुप्यांची चिठ्ठी घेऊन खिडकीशी आला. समितीच्या यादीप्रमाणे त्याच्या वडिलांच्या वाट्याला दोन होत्या. त्याने त्या रुमालात गुंडाळल्या आणि विचारलं, ‘बाई, बाकीच्या चार कधी घ्यायला येऊ?’ तो रात्रभर खिडकीसमोरच्या बाकावर बसून होता. मी त्याला जा म्हटलं नाही आणि थांबही म्हटलं नाही.

त्याच आठवड्यात आणखी एक घडलं. लायपोझोमल संपलं तेव्हा काही रोग्यांना जुनं, साधं ॲम्फोटेरिसिन द्यायचं ठरलं. त्याचीही कुपी ५० मिलिग्रॅमचीच. पण साध्याची मात्रा किलोला एक मिलिग्रॅमच्या आसपास असते. साठ किलोच्या माणसाला साठ, तीनशे नव्हे. साधं तीनशे दिलं तर हृदय बंद पडू शकतं. एका केसपेपरवर आदल्या दिवशीचा तीनशेचा आकडा तसाच पुढे उतरला गेला. वॉर्डातल्या सिस्टरने मला फोन केला, ‘बाई, नाव तेच आहे, पण आज कुपीवर लायपोझोमल हा शब्द दिसत नाही.’ मी दोन मजले धावत चढले. सलाइन अजून लावलं नव्हतं. त्या सिस्टरचा हात हातात घेऊन मी किती वेळ उभी होते कोण जाणे.

हे तुला घाबरवायला लिहीत नाही. प्रयोगशाळेत तू जो कण बनवशील, तो कधी तरी एका कुपीत भरला जाईल. ती कुपी रात्री अडीच वाजता, दोन पाळ्या सलग केलेल्या कुणाच्या तरी हातात असेल. लायपोझोमल औषधाच्या भुकटीत पाणी घालून अर्धा मिनिट जोरात हलवावं लागतं, मग बारीक गाळणीतून डेक्स्ट्रोजमध्ये सोडावं लागतं. सवयीने कुणी नॉर्मल सलाइनमध्ये सोडलं, तर दूध फाटावं तसं ते फाटतं. उलट आयर्न सुक्रोज नॉर्मल सलाइनमध्येच द्यायचं. तुझ्या आराखड्यात ‘कणाची स्थिरता’ या मथळ्याखाली चार आलेख आहेत. त्या चारांपेक्षा मला हे कळायला हवं की तुझं औषध सिस्टरने कशात विरघळवायचं आणि चुकून दुसऱ्यात टाकलं तर काय होईल.

आयर्न सुक्रोजचं नाव निघालं म्हणून सांगते. तुम्ही मुलं नॅनो म्हटलं की अमेरिकेकडे बघता. आपल्या ग्रामीण रुग्णालयात, रक्त कमी असलेल्या गरोदर बाईला जे तपकिरी इंजेक्शन सलाइनमधून देतात, तेही कणच आहेत: मध्ये लोहाच्या संयुगाचा गाभा, भोवती साखरेचं कवच, सगळं मिळून काही नॅनोमीटर. उघडं लोह शिरेत सोडलं तर विष होतं, कवचातलं चालतं. आणि हा कण जातो कुठे? त्याच भक्षकपेशींकडे. जुन्या तांबड्या पेशी मोडून त्यांतलं लोह साठवायचं आणि हवं तेव्हा परत द्यायचं, हे त्या पेशींचं जन्मभराचं काम. म्हणजे लोह थेट कोठारात पडलं. सातव्या महिन्यात गोळ्या पोटात न ठरणाऱ्या किती तरी बायका या इंजेक्शनाने सावरलेल्या मी पाहिल्या आहेत. त्यांच्यातल्या कुणीही नॅनो हा शब्द ऐकलेला नव्हता.

आता तुझ्या कर्करोगाकडे येते, कारण तिथे माझं तुझ्याशी खरं भांडण आहे.

डॉक्सोरुबिसिन तुला माहीत आहे, वॉर्डात ज्याला ‘लाल औषध’ म्हणतात ते. गाठीवर चालतं, पण हृदयाच्या स्नायूला इजा करतं. जेरुसलेमच्या बारेनहोल्झ आणि गॅबिझॉन यांनी ते लायपोझोममध्ये भरायचं ठरवलं. त्यांचा पहिला फुगा रोग्यांवर वापरून पाहिला तेव्हा तो यकृतातच अडकला. त्यांनी ते झाकलं नाही, पुढे स्वतःच सविस्तर लिहिलं. मग फुग्यावर पॉलिएथिलीन ग्लायकॉलच्या धाग्यांची लव चढवली, आकार १०० नॅनोमीटरच्या आत आणला, आणि औषध आत असं भरलं की त्याचे स्फटिकच व्हावेत. भक्षकपेशींना तो लवकर ओळखू येईना. नोव्हेंबर १९९५ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. तिथे मान्य झालेलं पहिलं नॅनो-औषध म्हणून त्याचंच नाव घेतलं जातं.

पुढे पसरलेल्या स्तनकर्करोगाच्या ५०९ बायकांवर लायपोझोममधलं आणि साधं डॉक्सोरुबिसिन ताडून पाहिलं. २००४ मध्ये निकाल छापून आले. आयुष्य दोन्हीकडे जवळजवळ सारखंच. हृदयाची इजा मात्र लायपोझोमवाल्यांत खूपच कमी. आणि एक नवा त्रास आला: बराच काळ रक्तात फिरणारे फुगे तळहात-तळपायांच्या बारीक वाहिन्यांतून झिरपतात, कातडी लाल होऊन सोलवटते. भाकरी थापणाऱ्या बाईच्या तळहाताची कातडी सोलली तर तिच्यासाठी तो ‘किरकोळ दुष्परिणाम’ नसतो. तरीही हृदय वाचणं ही मोठी गोष्ट आहे आणि मी ती कमी लेखणार नाही. फक्त ती जेवढी आहे तेवढीच सांगितली पाहिजे. तुझ्या पहिल्या पानावर ‘रामबाण’ असा शब्द आहे. तो काढ. ज्या घरात हा आजार शिरला आहे त्या घरातली माणसं असा शब्द वाचून जमीन विकतात.

तू लिहिलं आहेस की गाठीच्या रक्तवाहिन्या गळक्या असतात, म्हणून कण तिथे आपोआप साचतात. ही कल्पना जपानच्या मात्सुमुरा आणि माएदा यांनी १९८६ मध्ये मांडली आणि उंदरांत ती दिसतेही. पण उंदराची गाठ दोन-तीन आठवड्यांत फोफावते आणि त्याच्या देहाच्या मानाने भली मोठी असते. तिच्या वाहिन्या घाईघाईने बांधलेल्या, फटींच्या. माणसाची गाठ वर्षानुवर्षं हळू वाढते, तिच्या भिंती वेगळ्या आणि आतला दाब वेगळा. आणि उंदरांतसुद्धा काय घडतं? टोरोंटोच्या वॉरन चॅन यांच्या गटाने त्याआधीच्या दहा वर्षांचे प्रसिद्ध प्रयोग एकत्र केले आणि २०१६ मध्ये सांगितलं की टोचलेल्या कणांपैकी गाठीत पोचणाऱ्यांचा मध्यक ०.७ टक्के. हजारातले सात. उरलेले ९९३ कुठे जातात हे तुला आता सांगायला नको.

तुझ्या बावीस पानांत ही संख्या कुठेच नाही. तुला ती माहीत नसेल असं मला वाटत नाही. माहीत असून गाळली असशील, तर तेच मला जास्त लागलं. अडचणीची संख्या पहिल्या पानावर मांडायची, सोयीची मागे ठेवायची. बारेनहोल्झनी आपला अडकलेला फुगा लपवला असता, तर पुढचा फुगा बनलाच नसता.

हळदीबद्दल तुझ्या मनात प्रेम आहे, माझ्याही आहे. १९९७ मध्ये माशेलकरांनी आणि सीएसआयआरने जखमेवरच्या हळदीचं अमेरिकन पेटंट रद्द करून घेतलं, तेव्हा आम्ही भांडारात पेढे वाटले होते. पण तो लढा ज्ञान कोणाचं याचा होता. कर्क्युमिन कर्करोग बरा करतं हे त्यातून सिद्ध होत नाही. कर्क्युमिन पाण्यात विरघळत नाही, पोटातून रक्तात फारसं जात नाही आणि रक्तात टिकत नाही. चाचणीच्या नळीत ते बहुतेक प्रत्येक गोष्टीवर ‘परिणाम’ दाखवतं, आणि २०१७ मध्ये औषधरसायनाच्या अभ्यासकांनी त्याच्यावरच्या संशोधनाचा कडक आढावा घेऊन नेमकं हेच धोक्याचं लक्षण म्हणून नोंदवलं. जे औषध मुळात चालतं पण पोचत नाही, त्याला गाडी देण्यात अर्थ आहे. जे चालतं की नाही हेच ठरलेलं नाही, त्याला गाडी देऊन तू पाच वर्षं घालवू नकोस.

सुवर्णभस्माचा परिच्छेदही गाळलास तर बरं. भस्मात नॅनो आकाराचे सोन्याचे कण सापडतात हे खरं आहे आणि जुन्या वैद्यांच्या कौशल्याला मी हात जोडते. पण धुळीतही नॅनोकण असतात. कण लहान आहे म्हणून औषध होत नाही. पुष्य नक्षत्राला पोरांना रांगेत उभं करून हे भस्म चाटवण्याचे पैसे घेणाऱ्यांना तुझ्यासारखीचं एक वाक्य पुरेसं असतं.

चरबीच्या कणांचं आणखी एक घराणं आहे, ज्याने आपल्या सगळ्यांच्या दंडाला हात लावला असं तुला वाटत असेल. एम-आरएनए लशींचं. भारतात बहुतेकांना ती मिळाली नाही, आपण वेगळ्या लशी घेतल्या. पण त्या कणाची कहाणी लशीच्या आधीची आहे. व्हँकूव्हरच्या पीटर कलिस यांच्या गटाने अशी चरबी घडवण्यात मोठा वाटा उचलला, जी रक्तात उदासीन असते आणि पेशीच्या आतल्या आम्ल पिशवीत गेली की धन विद्युतभार घेते. आरएनएसारखा नाजूक रेणू त्यात गुंडाळून पेशीत नेता येतो. २०१८ मध्ये त्यावरचं पहिलं औषध मान्य झालं ते एका आनुवंशिक रोगावर, ज्यात बिघडलेलं प्रथिन यकृतात तयार होतं. का यकृत? कारण रक्तातलं एक प्रथिन या कणांना चिकटून त्यांना यकृतातच नेतं. २०२५ मध्ये फिलाडेल्फियात एका तान्ह्या बाळाच्या जनुकातली चूक, खास त्याच्यासाठी बनवलेल्या औषधाने दुरुस्त करण्याचा प्रयत्न झाला आणि बाळ सुधारलं, तेव्हाही रोग यकृतातलाच होता. ज्यांना यश आलं त्यांनी कणाशी झुंज घेतली नाही, त्याच्या वाटेवरचा रोग धरला. एम-आरएनए लशींतली पुण्याच्या जेनोव्हा कंपनीची एक गोष्ट मला फार आवडते. परदेशी लशींना उणे वीस, उणे सत्तर अशी शीतसाखळी लागत होती. जेनोव्हाने आपली लस वाळवून भुकटी केली, दोन ते आठ अंशांत राहील अशी. जून २०२२ मध्ये तिला मान्यता मिळाली. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात कोणता फ्रिज आहे, हे ठाऊक असलेल्या माणसांनी ते ठरवलं असणार.

मग तुझ्यासाठी कोणता रोग? निर्णय तुझा आणि गाइडचा. पण विचारलंस म्हणून सांगते, क्षयाकडे बघ. क्षयाचा जंतू फुप्फुसातल्या भक्षकपेशींत घर करून राहतो, काळ्या आजाराच्या परजीवीसारखाच. मारण्यासाठी त्या पेशी त्याला गिळतात आणि तो आतच तग धरतो. औषधं आहेत, चालतातही, म्हणजे गाडीत भरायला माल खरा आहे. श्वासातून फुप्फुसात लायपोझोम पाठवता येतात हेही सिद्ध झालेलं आहे. क्षयाच्या जंतूच्या भाऊबंदांवर अमिकासिनचं तसं औषध अमेरिकेत २०१८ मध्ये मान्य झालं. काम सोपं नाही. क्षयाच्या गाठीच्या मध्यभागी रक्त पोचत नाही आणि तिथले पुष्कळ जंतू पेशींच्या बाहेर, मेलेल्या मऊ भागात असतात. हे पहिल्या पानावर लिही.

यात माझा स्वार्थ आहे, तोही सांगून टाकते. तुझ्या आजोबांना १९७१ मध्ये क्षय झाला होता. तेव्हा उपचार दीड वर्षाचा, सुरुवातीला रोज स्ट्रेप्टोमायसिनचं इंजेक्शन. पाचव्या महिन्यात खोकला थांबला, वजन वाढलं, आणि त्यांनी औषध बंद केलं. शाळेतली नोकरी, रोज चार मैल सायकलने दवाखाना, घरात आम्ही चार भावंडं. आई म्हणायची, ‘बरे झालात ना, मग कशाला?’ दोन वर्षांनी ते पुन्हा पडले आणि कानांतला आवाज त्या इंजेक्शनांनी नेला तो नेलाच. तुझी आई तेव्हा तीन वर्षांची होती. तिची बोबडी हाक त्यांना नीट ऐकूच आली नाही. पुढे नोकरीभर मी अशी माणसं पाहिली, बरं वाटलं की गोळ्या सोडणारी. मी त्यांना कधी अडाणी म्हणू शकले नाही. सहा महिन्यांच्या गोळ्या सहा आठवड्यांवर आणता आल्या, आठवड्यातून एकदाच औषध पुरलं, तर त्यातले किती तरी घरी असते.

नाव नोंदवण्याआधी पंधरा दिवस काढ. गाइडमार्फत परवानगी घेऊन शिवडीच्या क्षयरोग रुग्णालयात जाऊन बस, तुझ्या माटुंग्यापासून लांब नाही. मास्क नीट लाव. डॉक्टरांना कमी विचार, औषध वाटणाऱ्या फार्मासिस्टला आणि सिस्टरला जास्त विचार. रोग्याला एकच विचार की गोळ्यांपैकी सगळ्यांत नकोशी कोणती आणि का. वहीत त्यांच्याच शब्दांत लिही, इंग्रजी करू नकोस. मग आजारावरचं सव्वा पान पुन्हा लिहायला घे. कर्करोगावरच काम करायचं तुझं नक्की असेल, तरी हेच पंधरा दिवस परळच्या कर्करोग रुग्णालयात काढ. मी रागावणार नाही.

तुझे छापलेले कागद मी पेन्सिलीने खुणा करून ठेवले आहेत. माझ्या जुन्या नोंदवह्याही माळ्यावरून काढल्या आहेत, २०२१ च्या त्या दोन महिन्यांची वही वेगळी बांधून ठेवली आहे. त्यात कुणाच्या वाट्याला किती कुप्या गेल्या ते रोजचं लिहिलं आहे, आणि कुणाला किती कमी पडल्या तेही. संक्रांतीला येशील तेव्हा बसून बघू. त्या मुलाचं पुढे काय झालं हे तू नक्की विचारशील. तिसऱ्या दिवशी पहाटे चार कुप्या आल्या आणि त्याने स्वतः वर नेऊन दिल्या. त्याच्या वडिलांचा एक डोळा गेला. ते घरी गेले.

तुझी,
शैलामावशी

ता.क. आईला सांग, वांग्याचं बी पाठवते. ती विसरली असेल, मी विसरले नाही.